कर्जावरची नवी गाडी सदोष निघाली तर

आधी एक गोष्ट: हप्ता थांबवू नका. गाडी बिघडली तरी कर्जाचा करार चालूच राहतो. सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) घसरतो, वर गाडी ओढून नेण्याची नोटीस येते. शोरूमला दुरुस्तीसाठी गाडी सोडताना दर वेळी जॉबकार्ड (तक्रार नोंदवलेला कागद) घ्याच. त्यावर ‘जनरल चेकअप’ नको, ‘तिसऱ्या गिअरला झटका’ असा नेमका दोष आणि किलोमीटर लिहून घ्या. खटला इथेच पडतो किंवा उभा राहतो. मग विक्रेता व कंपनी, दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस, प्रत फायनान्सवाल्याला. गाडी कोल्हापुरात घेतलेली असली तरी निपाणी-खानापूरकरांना बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत २ वर्षे. ५ ते १० लाखांच्या गाडीला शुल्क अवघे २०० रुपये.