कातकरी वाडीवर काम सुरू करताय? मग आधी हे वाचा

पहिलं म्हणजे वेळ बघा. रायगड-ठाण्याकडच्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर जे काय करायचं ते पावसाळ्यात करून घ्या, कारण दिवाळी झाली की निम्मी घरं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परत येतात. मी पहिल्यांदा गेलो तो सकाळी अकराला, रजिस्टर-बिजिस्टर घेऊन एकदम ऐटीत, आणि वाडीत कोण तर एक आजी नि चार कोंबड्या. आजी म्हणाली, रात्री ये. तेव्हापासून मीटिंग जेवणानंतरच.

मग कागदपत्रं, इथेच खरी घासाघीस. जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आता ज्याचा आजा शाळेत गेलाच नाही तो कुठून आणणार? म्हणून आधी वडिलांकडच्या नात्यात कोणाकडे दाखला आहे का ते शोधा, वंशावळ लिहून काढा आणि प्रांत ऑफिसला अर्जासोबत गृहचौकशीची (म्हणजे घरी येऊन चौकशी करायची) मागणी लेखी द्या, खिडकीवरचा माणूस नुसतं तोंडी 'होत नाही' म्हणाला म्हणून परत फिरायचं नाही. नावं पण आधीच जुळवून बघा, आधारवर बुधी, रेशनकार्डावर बुधाबाई, आणि जन्मतारीख विचाराल तर अख्ख्या वाडीचा वाढदिवस १ जानेवारी! ओरिजिनल कागद मात्र कधीच स्वतःकडे ठेवू नका, झेरॉक्स काढा आणि तिथल्या तिथे परत द्या.

घरकुलाचं सांगायचं तर २०२३ च्या नोव्हेंबरात पीएम-जनमन ही सगळ्यात मागे राहिलेल्या आदिवासी जमातींसाठीची केंद्राची योजना आली, महाराष्ट्रात कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तीन जमाती त्यात येतात. पण घराला जागा लागते ना, आणि कित्येक वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर बसलेल्या, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी सातबारा काढा, नाहीतर लोकांना उगाच आशा लावून बसाल.

उचलीवर, म्हणजे भट्टीवाल्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशांवर, भाषण देऊ नका प्लीज. पावसात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवालाच पैसे देतो, आपण नाही. उचल किती घेतली, हजार विटांचा दर काय ठरला, ते कुटुंबाच्याच वहीत लिहून द्या. कोणाला उचलीपायी अडकवून ठेवलं असेल तर १९७६ चा वेठबिगारी कायदा आहे, तहसीलदार किंवा कलेक्टरकडे लेखी तक्रार करा आणि मुक्ततेचा दाखला मागा. मालकाशी एकट्याने जाऊन भांडलात तर तुम्ही संध्याकाळी घरी येता, मार त्या कुटुंबाला बसतो.

आणि भट्टीवर निघायच्या आदल्या आठवड्यात घरोघर सांगून ठेवा की रेशन तिकडच्या दुकानातही मिळतं, कार्डाचा नंबर त्या वहीतच लिहून द्या, दुकानदार पहिल्यांदा नाहीच म्हणणार.