किर्खरवर लिहिताय? या चुका टाळा

कल्याणच्या पटवर्धनांच्या शांबरिक खरोलिकेवर, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडायच्या खेळावर, कुणी लिहायला बसलं की पहिल्या परिच्छेदातच एक वाक्य येतं: 'मॅजिक लँटर्नचा शोध सतराव्या शतकात अथानासिउस किर्चर या जर्मन पाद्र्याने लावला.' मीही एका दिवाळी अंकात हे बिनधास्त ठोकून दिलं होतं. आठवड्याभरात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. 'त्याच्या चित्राप्रमाणे दिवा करून बघा आणि भिंतीवर काय दिसतं ते कळवा.'

चित्र पुन्हा काढून बघितलं आणि कान लाल झाले. किर्खरचा प्रकाश आणि सावली यांवरचा ग्रंथ पहिल्यांदा निघाला १६४६ साली. त्यात आरशावर अक्षरं लिहून ती उन्हाच्या कवडशाने लांबच्या भिंतीवर पाडायची युक्ती आहे, पण हा दिवा नाही. दिवा येतो १६७१ च्या दुसऱ्या आवृत्तीत. तोवर हॉलंडच्या क्रिस्तियान हॉयगेन्सने १६५९ च्या सुमारास तो केलेलाही होता. शिवाय किर्खरच्या चित्रात रंगवलेली काचपट्टी भिंगाच्या पुढे सरकवलेली आहे आणि तिच्यावरची माणसं पायांवर उभी आहेत. खऱ्या दिव्यात पट्टी ज्योत आणि भिंग यांच्या मध्ये असते आणि उलटी घालावी लागते, तेव्हा कुठे भिंतीवर चित्र सुलटं पडतं. म्हणजे ज्या चित्राच्या जोरावर आपण त्याला जनक ठरवतो, त्या चित्राबरहुकूम केलेला दिवा धड चालणारही नाही.

किर्खरवरच्या लिखाणात चुका होतात त्या बहुधा अशाच. माणूस एवढा अवाढव्य की त्याला एक तर सर्वज्ञ ठरवलं जातं, नाही तर भोंदू. दोन्ही वेळा त्याचं पान उघडून बघायचं राहून जातं.

आधी नाव आणि हुद्दा. 'किर्चर' हा इंग्रजी वळणाचा उच्चार. जर्मनमध्ये तिथला आवाज ह आणि श यांच्या मधला कुठला तरी आहे, तो आपल्या लिपीत नेमका बसत नाही. मी 'किर्खर' लिहितो. तुम्ही 'किर्शर' लिहा, पण एका लेखात एकच ठेवा. जन्म १६०२, गाव गाइसा. तो बिशप किंवा कार्डिनल कधीच नव्हता. तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला साधा पाद्री. १६३३ च्या अखेरीस रोमला आला, तिथल्या जेझुइटांच्या महाविद्यालयात गणित शिकवू लागला आणि १६८० साली रोमलाच वारला.

'प्लेगचा जंतू त्याने पाहिला'

नाही पाहिला. १६५६ च्या साथीत त्याने रोममधल्या रोग्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यात बारीक 'किडे' दिसल्याचं १६५८ च्या पुस्तकात लिहिलं. प्लेगचा जीवाणू दिसायला १८९४ साल उजाडलं, हाँगकाँगला येर्सँ या डॉक्टरच्या हातून, मुंबईत साथ येण्याच्या दोनच वर्षं आधी. किर्खरच्या भिंगात तो दिसण्याची सोयच नव्हती. त्याला दिसल्या त्या बहुधा रक्तातल्या पेशी. मात्र डोळ्यांना न दिसणारं सजीव काहीतरी रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेतं, हा त्याने काढलेला निष्कर्ष पुढे बरोबर निघाला. ते सजीव कुजक्यातून आपोआप उपजतात हे त्याचं म्हणणं चुकलं. लिहिताना ही तिन्ही वाक्यं वेगळी ठेवा. एकत्र कालवली की किर्खर एक तर पाश्चरचा आजोबा होतो, नाही तर अडाणी.

'इजिप्तच्या चित्रलिपीच्या नावाने त्याने नुसत्या थापा मारल्या'

इथे मात्र टिंगल करायला जागा आहे, हे कबूल करायला हवं. रोमच्या पियात्सा नावोनात बेर्निनीच्या चार नद्यांच्या कारंज्यावर जो ओबेलिस्क, म्हणजे चित्रलिपी कोरलेला उंच दगडी खांब, उभा आहे, त्याचं वाचन किर्खरने १६५० साली प्रसिद्ध केलं. त्यावरचा मजकूर मुळात रोमन सम्राट डोमिशियनची स्तुती आहे. किर्खरला त्यात इजिप्तचं गूढ ब्रह्मज्ञान दिसलं. नुसत्या 'सम्राट' या अर्थाच्या एका बिरुदातून त्याने ओसिरिस हा इजिप्शियन देव, ओलावा आणि वनस्पतींची वाढ यांवरचं लांबलचक वाक्य काढलं. चिन्ह म्हणजे ध्वनी असू शकेल, ही शक्यता बाजूला ठेवून प्रत्येक चिन्ह म्हणजे तत्त्वज्ञान असं धरलं की असंच होणार.

पण याच माणसाने १६३६ साली लिहिलं की इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांची कॉप्टिक भाषा ही जुन्या इजिप्शियन भाषेचीच पुढची अवस्था आहे. ते बरोबर होतं. त्याने कॉप्टिकचं व्याकरण आणि शब्दकोश युरोपच्या हातात दिला. १८२२ साली शांपोलियों या फ्रेंच पंडिताने चित्रलिपी फोडली ती कॉप्टिकच्या जोरावरच. कुलूप उघडलं नाही, पण किल्ली कुठल्या खोलीत आहे ते त्याने सांगितलं होतं. 'नुसत्या थापा' लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

'त्याने प्रयोग केला होता, म्हणजे खरं असणार'

ही चूक आपल्याकडे जरा जपून हाताळावी लागते. साप चावला की जखमेला चिकटणारा आणि विष ओढून घेणारा दगड आजही कुणाच्या तरी देव्हाऱ्यात असतो. सतराव्या शतकात असे दगड भारतातून युरोपात जात, आणि किर्खरने त्यातला एक रोममध्ये तपासला: सर्प चावलेल्या कुत्र्याच्या जखमेवर लावला, कुत्रा वाचला. झालं, १६६७ च्या पुस्तकात नोंद. एकच कुत्रा. दगड न लावता दुसरा कुत्रा ठेवून बघितलं नाही. सापाने दंश करताना विष किती सोडलं, कुणाला ठाऊक.

फ्लॉरेन्सच्या फ्रांचेस्को रेदीने तेच दगड घेऊन पुन्हा पुन्हा प्रयोग केले आणि १६७१ साली किर्खरलाच उद्देशून लिहिलेल्या पत्ररूपी पुस्तकात अतिशय नम्रपणे सांगितलं की दगडाचा काही उपयोग होत नाही. मरणारे प्राणी दगड लावूनही मेले. किर्खरने 'करून पाहिलं' असं लिहिलेलं दिसलं, की किती वेळा आणि कशाशी ताडून, हे आधी विचारा. आणि साप चावलाच तर सरळ दवाखाना गाठा.

गॅलिलिओवरचा खटला १६३३ चा, किर्खरही त्याच वर्षी रोमला आला. त्यामुळे 'चर्चविरुद्ध विज्ञान' हा साचा हाताशी तयारच असतो. तो इथे बसत नाही. १६५६ च्या आकाशप्रवासाच्या पुस्तकात त्याने पृथ्वी स्थिर मानणारी टायको ब्राहेची मांडणी घेतली, तरीही त्याच्याच संघाच्या परीक्षकांनी त्यातल्या मजकुरावर हरकती घेतल्या. त्याला बंडखोर म्हणता येत नाही आणि आज्ञाधारकही पुरतं म्हणवत नाही.

'चीन पाहून आला, संस्कृतही शिकला'

चीनवरचं त्याचं पुस्तक १६६७ साली ॲम्स्टरडॅमला छापलं गेलं. लेखक मात्र युरोपबाहेर कधी गेला नाही. मिशनवर धाडा म्हणून त्याने विनवलं होतं, परवानगी मिळाली नाही. ल्हासाच्या पोताला राजवाड्याचं चित्र ग्रूबर या पाद्र्याच्या रेखाटनावरून आलं. देवनागरी अक्षरांचे तक्ते हाइनरिश रोट या दुसऱ्या जेझुइट पाद्र्याचे. हा रोट आधी गोव्यात, मग आग्र्यात राहिला, तिथल्या पंडितांकडून संस्कृत शिकला आणि लॅटिनमध्ये संस्कृतचं व्याकरण लिहून बसला. १६६४ साली रोममध्ये तो किर्खरला भेटला. त्याचं व्याकरण हस्तलिखितच राहिलं, प्रतिमुद्रा निघाली थेट १९८८ मध्ये. श्रेय देताना 'किर्खरच्या पुस्तकात, रोटच्या हातचं' असं लिहा.

त्या तक्त्यांतला एक मुद्दाम शोधून बघा. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली सासष्टीत राचोलला छापलं तेव्हा मराठी ओव्या रोमी अक्षरांत बसवाव्या लागल्या होत्या, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पन्नास वर्षांनी ॲम्स्टरडॅमला नेमकं उलटं झालं. ताम्रपटावर कोरलेली देवनागरी अक्षरं, आणि त्यांत लॅटिन प्रार्थना. लॅटिनचा गंध नसलेला मराठी माणूसही जरा अडखळत ती वाचू शकतो: पातेर नोस्तेर…