लशीतला थायोमर्सल: संशोधन तपासायचं कसं

‘बाळाच्या लशीत पारा असतो’ असा मेसेज आला की त्याचा रोख असतो थायोमर्सलवर, म्हणजे कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून घालायच्या, पारा असलेल्या परिरक्षकावर. आधी विचारा, कोणत्या लशीत? बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लशींत जिवंत जंतू असतात, तिथे थायोमर्सल चालत नाही. इंजेक्शनच्या पोलिओ लशीचा गुण त्याने बिघडतो, म्हणून तिच्यात बहुधा फिनॉक्सीइथेनॉल घालतात. थायोमर्सल सापडतं ते मुख्यतः पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प) यांच्या अनेक डोसांच्या कुपीत. माहितीपत्रकावर त्याचं प्रमाण छापलेलं असतं.

ते प्रमाण टक्क्यांत असतं, त्याचे मायक्रोग्रॅम करून घ्या. ०.०१ टक्का म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात ५०. थायोमर्सलच्या वजनात पारा सुमारे निम्मा, म्हणून हाती येतो २५. लेबलवर ०.००५ टक्का असेल तर १२.५. ‘थायोमर्सलचे मायक्रोग्रॅम’ आणि ‘पाऱ्याचे मायक्रोग्रॅम’ यांची गल्लत झाली की आकडा दुप्पट होतो, आणि ही चूक सर्रास दिसते.

पुढचा प्रश्न, कोणता पारा? माशांमधून येतो तो मिथाइल, थायोमर्सलमधून सुटतो तो इथाइल. मिथाइल पारा रक्तात निम्मा व्हायला दीड महिन्याच्या आसपास लागतो. बाळांच्या रक्तात इथाइल पारा आठवड्याभरात किंवा त्याआधीच निम्म्यावर येतो. अमेरिकेत १९९९ साली बाळांच्या सगळ्या लशींतल्या पाऱ्याची बेरीज केली तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत जास्तीत जास्त १८७.५ मायक्रोग्रॅम पारा निघाला आणि खबरदारी म्हणून थायोमर्सल काढायचं ठरलं. पण ज्या मर्यादांशी तुलना झाली त्या मिथाइल पाऱ्याच्या होत्या. अर्थात रक्तातून लवकर गेला म्हणून प्रश्न मिटत नाही. २००५ च्या माकडांवरच्या प्रयोगात थायोमर्सल दिलेल्यांच्या मेंदूत एकूण पारा कमी होता, पण त्यातला असेंद्रिय (कार्बनशी न जोडलेल्या) पाऱ्याचा वाटा जास्त होता. म्हणून शेवटी मुलांवर झालेले अभ्यासच बघावे लागतात.

तिथे तुलना कोणाशी केली आहे ते शोधा. डेन्मार्कने १९९२ मध्ये थायोमर्सल बंद केलं, तरी ऑटिझमच्या नोंदी वाढत राहिल्या. हा आलेख सगळे दाखवतात, पण पुरावा म्हणून तो कमकुवत आहे, कारण १९९५ पासून बाह्यरुग्णांच्या नोंदीही त्यात धरल्या गेल्या. त्याच देशातला दुसरा अभ्यास, २००३ चा, कितीतरी भक्कम. १९९० ते १९९६ मध्ये जन्मलेली ४,६७,४५० मुलं. डांग्या खोकल्याची लस काहींना थायोमर्सलसह, काहींना त्याच्याशिवाय. ऑटिझमचं प्रमाण थायोमर्सलवाल्यांत जास्त आढळलं नाही.

किती गोष्टी मोजल्या तेही पाहा. २००७ च्या अमेरिकी अभ्यासात १,०४७ मुलांच्या भाषा, स्मरणशक्ती, लक्ष अशा गोष्टींच्या ४२ चाचण्यांचे निकाल होते. विसांत एक या नेहमीच्या हिशेबाने योगायोगानेच त्यांतले दोनेक ‘लक्षणीय’ दिसणार. थोडे दिसलेही, काही थायोमर्सलच्या बाजूने, काही विरोधात. नेमके विरोधातलेच उचलून कोणी बातमी केली असेल तर मूळ तक्ता उघडा. या अभ्यासात ऑटिझम तपासलाच नव्हता. २०१० च्या अभ्यासात ऑटिझमची २५६ आणि तुलनेसाठी ७५२ मुलं घेतली, संबंध आढळला नाही.

लसीनंतरच्या तक्रारींच्या नोंदवहीवर आधारलेला निबंध असेल तर सावध राहा. तिथे कोणीही नोंद करू शकतो, आणि एकूण किती मुलांना लस दिली हा छेद त्या नोंदवहीत नसतो. त्यातून शंका घेता येते, प्रमाण काढता येत नाही.

परिरक्षक नसण्याची किंमतही हिशेबात धरा. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग इथे घटसर्पाच्या लशीच्या परिरक्षक नसलेल्या कुपीत जंतू वाढले आणि २१ पैकी १२ मुलं दगावली. कुपीत सुई पुन्हा पुन्हा जाते, प्रश्न तिथे आहे. लसीकरण केंद्रावरचा नियमही त्यातूनच समजतो: पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवून चार आठवडे चालते, गोवर-रुबेलाची मात्र द्रावण मिसळल्यापासून चार तासच. कुपीवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली नसेल तर नर्सताईंना नवी कुपी मागा.