राज्यघटनेतलं आणीबाणीचं कलम कसं वाचायचं

कुठल्याही देशाची राज्यघटना हातात आली की बहुतेक जण आधी मूलभूत हक्कांचं पान उघडतात, बोलायचं स्वातंत्र्य आहे ना, सभा घेता येते ना, मग झालं, असं म्हणून मिटून ठेवतात. ते पान नंतर वाचा. हक्कांची यादी तर हुकूमशहांकडे पण छापलेली असते. सरकारला खरंच वेसण आहे की नाही ते कळतं आणीबाणीच्या कलमात, कारण तिथे सरकार म्हणतं की संकट आहे, थोडे दिवस नियम बाजूला ठेवू, आणि आपल्याला शोधायचं असतं ते एवढंच की हे थोडे दिवस संपवायचं कुणाच्या हातात आहे.

कलम सापडत नसेल तर आणीबाणी, मार्शल लॉ (म्हणजे लष्करी अंमल), युद्ध, अशांतता हे शब्द सर्च करा. सापडलं की आधी कारणाच्या शब्दाखाली रेघ मारा. शब्द जितका ढोबळ तितकी सरकारला मोकळीक जास्त. भारतात 1975 साली आणीबाणी लावली ती 'अंतर्गत अशांतता' या कारणावर, आता अशांतता म्हणजे काय, मोर्चा निघाला तरी अशांतताच म्हणता येते की. आणि त्यात 25 जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने तो शब्द काढून 'सशस्त्र उठाव' टाकला, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही असंही लिहून टाकलं. दुरुस्त्यांची पानं म्हणून वाचायचीच, कुठे भोक पडलं होतं ते तिथे दिसतं.

मग मुदत बघा. नुसती मुदत आहे एवढ्यावर खूश होऊ नका, मुदतवाढ कशी मिळते ते बघा, खरी गोम तिथे असते. साऊथ आफ्रिकेच्या घटनेत 37 वं कलम आहे, त्यात 21 दिवस, पुढे संसदेनं वाढवलं तर एका वेळी जास्तीत जास्त 3 महिने, आणि पहिली वाढ एकूण सदस्यांच्या बहुमतानं मिळते पण त्यानंतरच्या प्रत्येक वाढीला 60 टक्के सदस्य लागतात. म्हणजे दिवस जातील तसं अवघड होत जातं, हे मला फार आवडतं. नाहीतर इजिप्त, तिथे 1981 ला लावलेली आणीबाणी मुदतवाढ मिळत मिळत 2012 पर्यंत चालली, एक अख्खी पिढी त्यातच मोठी झाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे घाई करू नका. आणीबाणी संसद रद्द करू शकते का, आणि करू शकत असेल तर त्या संसदेलाच घरी पाठवायचा अधिकार कुणाकडे आहे? हा दुसरा प्रश्न लोक विसरतात, आणि त्याचं उत्तर बरेचदा त्या कलमात नसतंच, पार दुसऱ्याच पानावर असतं. जर्मनीच्या 1919 च्या घटनेत कलम 48 होतं, राष्ट्राध्यक्षाने हुकूम काढायचा आणि संसदेला नको असेल तर तिने तो रद्द करायचा, वाचायला एकदम चोख. पण कलम 25 मध्ये राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करता येत होती. जुलै 1930 मध्ये संसदेने हुकूम खरोखर रद्द केला, तर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनी संसदच बरखास्त केली आणि तोच हुकूम थोड्या फरकाने परत काढला. हिटलर यायला अजून अडीच वर्षं होती बरं का, म्हणजे दार आधीच उघडं होतं.

याच्या उलट साऊथ कोरिया. तिथे 1987 च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाचा संसद बरखास्त करायचा अधिकार काढून टाकलाय, आणि कलम 77 म्हणतं की एकूण सदस्यांच्या बहुमताने मार्शल लॉ उठवा म्हटलं तर राष्ट्राध्यक्षाला तो उठवावाच लागतो. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री मार्शल लॉ लागला तेव्हा 300 पैकी 190 खासदार पोचले, काही तर कुंपणावरून उड्या मारून, आणि 190 विरुद्ध 0 मतांनी ठराव झाला, उजाडायच्या आत मार्शल लॉ उठला.

अमेरिकेत अजून वेगळी मजा आहे. तिथे आणीबाणी संपवायचा ठराव काँग्रेस करते पण त्याला राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतो, 2019 मध्ये ट्रम्पनी वापरलाच, मग तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणा, जी जमली नाहीत. थोडक्यात कुलूप पण राष्ट्राध्यक्षांचं आणि किल्ली पण जवळपास त्यांचीच.

कोर्टाचं पटकन सांगतो. 'न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही' असं वाक्य दिसलं की तिथे लाल खूण करा. भारतात 38व्या दुरुस्तीने असंच केलं होतं, आणि 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 असा निकाल दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध हेबिअस कॉर्पस, म्हणजे अटक केलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा आदेश, मागताच येणार नाही, विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. आता कलम 20 (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि 21 (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीत पण स्थगित करता येत नाहीत. तुमच्या हातातल्या घटनेत असे न हलणारे हक्क कुठले ते शोधा, एकही नसेल तर मग ते सुरुवातीचं सुंदर पान वाचून फारसा उपयोग नाही.

आणि शेवटी एक ओळ जी बहुतेक लोक बघत नाहीत, माफीची. आणीबाणीत सरकारी माणसांनी बेकायदा काही केलं तर नंतर कायदा करून त्यांना माफ करता येतं का? साऊथ आफ्रिकेचं तेच 37 वं कलम सरळ सांगतं की आणीबाणीच्या कायद्याने अशी माफी देता येणार नाही. ही ओळ असली की अटक करायला निघालेला अधिकारी पण दोनदा विचार करतो.