स्टेनलेस फ्लँजला जी.आय. बोल्ट? या चुका टाळा

पाइप ३०४ स्टेनलेसचा, फ्लँज (पाइपच्या टोकाची, बोल्टनं जोडायची चकती) ३०४चा आणि बोल्ट मात्र जी.आय., म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये अशी जोडणी करताना डोक्यात एकच हिशेब असतो: जस्त चढवलंय, मग गंजेल कशाला? फ्लँज चकचकीतच राहतो. खराब होतो तो बोल्ट, आणि सांधा धरून ठेवतो तोही बोल्टच.

दोन धातू एकमेकांना चिकटून आणि वर ओल, की झाली बॅटरी. त्यात जस्त झिजतं, स्टेनलेस शाबूत राहतं. १५० क्लासच्या (हा दाबाचा वर्ग) ३ इंची फ्लँजला ५/८ इंचाचे चारच बोल्ट. एवढ्याशा जस्तासमोर अख्खा स्टेनलेस फ्लँज, म्हणून जस्ताची झीज झपाट्यानं होते. विजेनं चढवलेला इलेक्ट्रोप्लेटिंगचा थर तर जेमतेम ५ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला हॉट डिपचा ५०च्या आसपास. आधी पांढरी भुकटी, मग तांबूस ओघळ. हा ओघळ फ्लँजचा समजून पॉलिश मारत बसू नका. प्रेशर शून्यावर आणून एक बोल्ट काढा आणि नटाखालचे आटे बघा.

दूध लाइनला तर जी.आय. नकोच. सी.आय.पी.चं, म्हणजे लाइन न उघडता आतून धुण्याचं, कॉस्टिक (सोडा) असो की नायट्रिक आम्ल, गळती झाली की जस्त दोन्हींत विरघळतं.

मग घाईनं एस.एस. (स्टेनलेस) बोल्ट आणतात आणि ८.८ ग्रेडच्या कार्बन स्टील बोल्टचाच टॉर्क (आवळण्याचा जोर) देतात. इथं फसगत होते. ८.८ची यील्ड, म्हणजे कायमचा ताणला जाण्याआधीची ताकद, ६४० एमपीए, तर ए२-७० या स्टेनलेस ग्रेडची ४५०. जुन्या टॉर्कला बोल्ट ताणला जातो. त्यात एस.एस.वर एस.एस.चे आटे कोरडे फिरवले की नट मध्येच जाम, मग ग्रायंडरशिवाय सुटका नाही. आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा, हातानं सावकाश आवळा. समोरासमोरच्या क्रमानं ३०, ७० आणि १०० टक्के टॉर्क, शेवटी एक गोल फेरी. टॉर्कचा आकडा बोल्टची ग्रेड, गॅस्केट (दोन फ्लँजमधली चकती) आणि अँटी-सीझ बघूनच ठरवा.

खरेदीत बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का वाचा: ए२-७०, ए४-७०, बी८, बी८एम म्हणजे स्टेनलेस, ८.८ म्हणजे कार्बन स्टील, वरून कितीही चमको.

जी.आय. बोल्ट जागेवर ठेवून फ्लँजजवळ वेल्डिंग करू नका. जस्त ४२० अंशांना वितळतं. लाल तापलेल्या स्टेनलेसवर ते पडलं तर धातूच्या बारीक कणांमधल्या सांध्यांतून आत शिरतं आणि फ्लँजलाच तडा जातो.

छपराखालच्या, कायम कोरड्या राहणाऱ्या लाइनला मात्र जी.आय. चालतो, तिथं उगाच खर्च नको. फक्त हॉट डिप बोल्टला त्याचाच नट घ्या. त्या नटाचे आटे थराच्या जाडीसाठी मोकळे पाडलेले असतात, साधा नट अशा बोल्टवर चढत नाही.