फोनची क्लिप एडिटरमध्ये उघडत नाही? आधी कोडेक बघा

व्हीएलसी प्लेअरमध्ये झकास चालणारी हळदीची क्लिप लिनक्सवर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटरच्या मोफत आवृत्तीत टाकली, की चित्रही नाही आणि आवाजही नाही. फाइल खराब झालेली नसते. एमपी४ हा नुसता डबा. आतली भाजी असते एच.२६४ किंवा एच.२६५ची, आणि या दोन्ही कोडेकांभोवती, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवण्याच्या पद्धतींभोवती, पेटंटं आहेत, म्हणून वापरायला परवाना लागतो. मॅक आणि विंडोजवर सिस्टिमचा डीकोडर, म्हणजे कोडेक उलगडणारा भाग, मदतीला येतो, लिनक्सवर मोफत आवृत्तीला ती सोय नाही. मग व्हीएलसीला कसं जमतं? ते बनवणारी संस्था फ्रान्समधली, आणि फ्रेंच कायदा सॉफ्टवेअर पेटंट मानत नाही, अशी तिची भूमिका आहे.

तर आधी डबा उघडून बघा. व्हीएलसीत क्लिप लावून कंट्रोल आणि जे दाबा. व्हिडिओसमोर एच२६४ किंवा एचईव्हीसी (एच.२६५चंच दुसरं नाव) दिसेल, ऑडिओसमोर बहुधा एएसी, म्हणजे आवाजाचा कोडेक. हे एएसी विसरू नका. चित्र आलं तरी आवाज अडतो तो यानेच. फाइलचं नाव एमपी४चं एमओव्ही करून काही होत नाही, डब्याचं लेबल तेवढं बदलतं.

मग शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. क्लिप त्यात ओढा, फंक्शनमध्ये डीएनएक्सएचआर हा एडिटिंगसाठीचा कोडेक निवडा, दर्जा एचक्यू ठेवा आणि सुरू करा. क्लिप टेन-बिट, म्हणजे जास्त रंगछटांची, असेल तर एचक्यूएक्स. आवाज पीसीएम, म्हणजे न आवळलेला, होऊन येतो, तो रिझॉल्व्ह मुकाट्याने घेतं. डिस्क मात्र आधी रिकामी करा: फुल एचडीच्या एका मिनिटाला सव्वा-दीड जीबी सहज जातात. म्हणून तासभराचं शूटिंग सरसकट बदलू नका, लागणारे तुकडेच बदला. मूळ फाइल जपून ठेवा.

विंडोजवर एच.२६५ अडत असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एचईव्हीसी एक्स्टेंशन किरकोळ पैशांत मिळतं. आयफोन असेल तर पुढच्या वेळी कॅमेरा सेटिंग्जच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करा, म्हणजे एच.२६४ मिळेल, पण ६० फ्रेमचं फोर-के मग विसरा. लिनक्सवाल्यांना याचा उपयोग नाही, त्यांना एच.२६४ही अडतंच.

एडिटिंग झाल्यावर पुन्हा तीच गाठ, कारण लिनक्सच्या मोफत आवृत्तीतून एच.२६४ बाहेरही पडत नाही. डीएनएक्सएचआरमध्येच एक्सपोर्ट करा. यूट्यूब ते थेट घेतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून एच.२६४ करून घ्या.