सेप्टिक टँक : गाडी बोलावण्याआधी आणि नंतरही या चुका टाळा

गौरी यायच्या दिवशी सकाळी आमच्या खालच्या न्हाणीघरातल्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. घरात मुंबई-पुण्याहून आलेली धरून पंचवीस माणसं. दुपारपर्यंत काळं पाणी लादीवर पसरलं. बाहेर पावसाची झड, पाखाडीखालचा (दगडी पायऱ्यांच्या वाटेखालचा) मातीचा रस्ता रुतलेला, मैला उपसणारी गाडी घरापर्यंत येईना. पाहुण्यांची सोय शेजारच्या तीन घरांत करावी लागली. दोन दिवसांनी कशीबशी गाडी आली, टाकी उपसली, पैसे दिले, आणि चौथ्या दिवशी टाकी पुन्हा स्लॅबला टेकली. ‘गाडीवाल्याने फसवलं,’ असं सगळ्यांचं मत पडलं. त्याने फसवलं नव्हतं. चुका आमच्याच होत्या आणि त्या बरीच वर्षं साठत आल्या होत्या.

तेव्हापासून गावातल्या पाच-सहा घरांच्या टाक्या उघडून बघण्यात मी हजर राहिलो आहे. जवळजवळ सगळीकडे त्याच त्या चुका दिसल्या.

‘टाकी भरली’ म्हणजे नेमकं काय भरलं?

सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. तिचं कामच तसं चालतं. वर तेला-तुपाची, हलक्या घाणीची साय धरते, तळाला गाळ बसतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या तोंडाने शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जातं. आत बादलीभर पाणी आलं की बाहेर बादलीभर जातं. त्यामुळे उपसल्यावर काही दिवसांत पाणी परत पाइपाच्या पातळीला आलं, तर त्यात बिघाड काही नाही.

बघायचं ते बाहेर जाणाऱ्या पाइपाकडे. पाणी त्या पाइपाच्या तळाशी असेल, तर टाकी ठीक चालली आहे. पाइप बुडवून वर चढलं असेल, तर अडथळा टाकीच्या पुढे आहे, बहुतेक शोषखड्ड्यात. आणि वापर चालू असूनही पाणी पाइपाच्या बरंच खाली राहत असेल, तर खूश होऊ नका. टाकी कुठेतरी फुटली आहे आणि मैलापाणी तसंच्या तसं जमिनीत मुरतं आहे. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही,’ असं अभिमानाने सांगणारी घरं मला माहीत आहेत. त्यातल्या एका घराच्या टाकीला तळाला कोबाच नव्हता. अंगणातल्या विहिरीचं पाणी तीच माणसं पीत होती.

घरातल्या खुणाही वाचता येतात. एकाच संडासात पाणी हळू उतरत असेल, तर त्याच भांड्याच्या ट्रॅपमध्ये किंवा लाइनमध्ये काहीतरी अडकलं आहे. गाडी बोलावून उपयोग नाही, प्लंबर बोलवा. सगळीकडेच हळू उतरतं आणि सगळ्यात खालच्या जाळीतून बुडबुडे येतात, तेव्हा मुख्य लाइन, शेवटचं चेंबर (टाकीच्या आधीचा झाकणाचा छोटा हौद) किंवा टाकी यांपैकी काहीतरी तुंबलं आहे. चेंबर कोरडं आणि घरात पाणी तुंबलेलं असेल, तर अडथळा चेंबरच्या अलीकडे. चेंबर तुडुंब असेल, तर पलीकडे.

तुंबेपर्यंत वाट बघणं

आमची टाकी आतून साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, पाण्याची खोली सव्वातीन फूट. म्हणजे साधारण १८०० लिटर. भारतीय मानक २४७० मध्ये दहा माणसांसाठी दिलेलं माप जवळपास हेच आहे, आणि तेही दर दोन वर्षांनी उपसा होणार असं धरून. आम्ही कितीतरी वर्षं हात लावला नव्हता. अर्धी टाकी गाळ आणि साय यांनी व्यापलेली. पाण्याला उरले ९०० लिटर. पंचवीस माणसांनी संडास-आंघोळ मिळून माणशी १०० लिटर जरी वापरले, तरी दिवसाला २५०० लिटर. म्हणजे आत आलेलं पाणी आठ-नऊ तासांत बाहेर ढकललं जात होतं. गाळ खाली बसायला निदान एक दिवस तरी पाणी निवांत थांबावं लागतं. तेवढी उसंतच नव्हती. घाण सगळी शोषखड्ड्यात गेली.

म्हणून घरगुती टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची, तक्रार असो वा नसो. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकजवळच्या सिन्नरने हेच ओळखून नगरपरिषदेतर्फे तीन वर्षांच्या पाळीने घरोघरच्या टाक्या उपसायला सुरुवात केली. तिथे लोकांना अडून बसावं लागत नाही, पाळी आली की गाडी दारात येते. आपल्याकडे तशी सोय नसेल, तर पाळी आपणच ठरवायची.

नुसत्या अंदाजावर राहायचं नसेल, तर माप घ्या. आठ-नऊ फुटांचा सरळ बांबू घ्या. खालच्या चार फुटांवर जुन्या पांढऱ्या पंचाची पट्टी घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा. मैला जिथून आत येतो त्या बाजूचं झाकण काढा, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा, आत वाकू नका, एकट्याने करू नका आणि आसपास कोणाला विडी पेटवू देऊ नका. बांबू सावकाश तळाला टेकवा, दोनेक मिनिटं धरा, सावकाशच वर काढा. कापडावर डांबरासारखा काळा, दाट लेप जिथपर्यंत चढला, तेवढा गाळ. त्यावरचं कापड नुसतं करडं, ओलं दिसतं. सायीसाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला वीतभर आडवी फळी ठोका, सायीतून खाली दाबा आणि हळूच वर ओढा. फळी जिथे सायीला खालून अडते तिथून सायीच्या माथ्यापर्यंतचं अंतर, ती सायीची जाडी. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाला आली, की गाडी बोलवा. आमच्या टाकीत म्हणजे साधारण एक फूट. कापड खड्ड्यात पुरा, हात कोपरापर्यंत साबणाने धुवा.

माणूस उतरवणं

ही चूक बाकीच्यांच्या ओळीत बसवावीशी वाटत नाही, कारण तिची भरपाई होत नाही.

गाडी आत येत नाही, पाइप पुरत नाही, तळाचा गाळ घट्ट झाला आहे, म्हणून ‘जरा कोणाला तरी उतरवा, पाच मिनिटांचं काम आहे’ असं कोणीतरी म्हणतं. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असतो आणि प्राणवायू फार कमी. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस खाली उतरतो. झाकण तास-दोन तास उघडं ठेवूनही भरवसा नाही, कारण गाळात पाय पडला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. कंदील किंवा पेटता काकडा सोडून बघायची जुनी रीत तर मिथेनमुळे थेट स्फोटाची. आणि एक जण पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशा घडतात. कोणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका. १०१ किंवा ११२ ला फोन करा, वरून दोरी टाकता आली तर टाका, गर्दी मागे हटवा.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याच्या कलम ७ नुसार सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणीही माणूस लावू शकत नाही. ‘कोणीही’मध्ये घरमालकही आला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण पैशाचं सोडा. आपल्या घरची घाण काढताना कोणाच्या घरचा कर्ता माणूस जावा, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. पाइप पुरत नसेल तर लांब पाइपाची गाडी शोधा, गाळ घट्ट असेल तर वरून पाण्याचा जोरदार फवारा मारून तो पातळ करून घ्या. तरीही होत नसेल तर काम थांबवा.

शोषखड्ड्याकडे दुर्लक्ष

टाकीतून निघणारं पाणी निवळ दिसलं, तरी त्यात रोगजंतू असतातच. खरी सफाई जमिनीत होते. आमच्याकडे जमिनीत जांभा दगड. त्याला भोकं असतात, पाणी छान मुरतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण टाकीतला गाळ वाहून खड्ड्यात आला की त्या भोकांवर काळी, बुळबुळीत साय धरते आणि खड्डा पाणी घेईनासा होतो. गौरीच्या वेळी आमचं हेच झालं होतं. वर भाद्रपदातलं भूजल चढलेलं. टाकी उपसली तरी तुंबलेल्या खड्ड्यातलं पाणी उलटं टाकीत येत होतं. गाडीवाला दहा वेळा आला असता तरी काही फरक पडला नसता.

मार्चमध्येही खड्ड्यावरचं गवत हिरवंगार राहत असेल, जमीन चिकट लागत असेल, तर खड्डा दमला आहे. आम्ही दुसरा खड्डा खणला आणि मधल्या चेंबरमधून पाणी आळीपाळीने सोडतो. एकाला वर्षभर विश्रांती मिळाली की तो बऱ्यापैकी सावरतो. खड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. कातळाला भेगा असतील तर तेवढंही पुरत नाही, पाणी भेगेतून सरळ चालत जातं. विहिरीचं पाणी पावसाळ्यात जंतूंसाठी तपासून घ्या. तुरटीने गढूळपणा जातो, जंतू मरत नाहीत.

छपराच्या पन्हाळीचं पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडलेलं असेल, तर ते आजच तोडा. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणीही टाकीत न घेता झाडांना वळवता आलं, तर टाकीला मोठा आराम मिळतो. टाकीचं पाणी गटारात किंवा पऱ्यात (ओहोळात) सोडणं हा उपाय नाही, खालच्या वाडीची विहीर त्यावर असते.

टाकीत काय टाकू नये

सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, केसांचे गुंतवळ, नारळाची शेंडी, भांड्यांची राख, तळणीचं तेल. यातलं काहीच टाकीत कुजत नाही किंवा फार सावकाश कुजतं. ॲसिड आणि फिनेलचा मारा केला तर गाळ पचवणारे जिवाणू मरतात. संडास ब्रशने घासून थोड्या साबणाने साफ होतो. ‘ही पुडी टाका, दहा वर्षं उपसायला नको’ असं सांगून विकतात, त्यात पडू नका. लागणारे जिवाणू मैल्यासोबत रोज आपोआप येतात, आणि कुठलीही पुडी राख, वाळू, प्लॅस्टिक पचवत नाही.

वासाची तक्रार असेल तर आधी हवेचा पाइप बघा. तो बसवलेलाच नाही, किंवा आत गांधीलमाश्यांनी पोळं केलं आहे, असं हमखास निघतं. टाकी घराला लागून असेल तर पाइप छपराच्या दोन मीटर वर न्यावा, आणि तोंडाला बारीक जाळी हवीच. जाळी नसेल तर हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास त्याच टाकीत वाढतात. बंद राहणाऱ्या घरात वास येतो तो बहुधा नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे न्हाणीघराच्या जाळीखालच्या वाकड्या तुकड्यात वास अडवणारं पाणी आटल्यामुळे. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, मग पुढचं बघा.

उपसायच्या दिवशी

दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत कधीही उपसा, भर पावसात टाळा. जमिनीत पाणी चढलेलं असताना रिकामी टाकी, विशेषतः प्लॅस्टिकची, खालून उचलली जाते आणि पाइप तुटतात. अंगणात पेव्हर ब्लॉक घालताना झाकणं गाडली गेली असतील तर आधी शोधून मोकळी करा. आमचं एक झाकण तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याखाली निघालं.

टाकीला मधली भिंत असते. एकाच झाकणातून पाइप घालून वरचं पाणी ओढलं की गाडी भरते, पैसे होतात आणि गाळ तळाला तसाच राहतो. दोन्ही कप्प्यांतून गाळ ढवळून काढायला सांगा आणि स्वतः उभं राहून बघा. टाकी घासूनपुसून कोरडी करायची गरज नाही, तळाला थोडा गाळ राहिला तर पुढचं काम लवकर सुरू होतं. मैला कुठे रिता करणार हे गाडीवाल्याला पैसे देण्याआधी विचारा. नगरपरिषदेच्या मैला प्रक्रिया केंद्राचं नाव घेत असेल तर ठीक. पुलाखालच्या ओढ्यात किंवा कोणाच्या पडीक जमिनीत ओतणार असेल, तर दुसरी गाडी बघा.

गाडी गेली की बाहेर जाणाऱ्या तोंडाचा ‘टी’ (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा तुकडा) जागेवर आहे का, ते वरून बॅटरी मारून बघा. हा तुकडा सायीला टाकीतच अडवतो आणि नेमका तोच निखळून तळाला पडलेला सापडतो. तो बसवून झाकण लावा, सांधा अगदी कमी सिमेंटच्या मालाने भरा म्हणजे पुढच्या वेळी फोडावं लागणार नाही, आणि माल ओला असतानाच खिळ्याने त्यावर महिना आणि साल कोरून ठेवा.